गुलछडीचं आईस्क्रीम

गुलछडीचं दूध किती दाट, हे परगावच्या माणसाला सांगून पटत नाही. एकदा तिच्या दुधाच्या ग्लासात माशी पडली. बुडाली नाही. फेसावरनं चालत चालत काठापर्यंत गेली, पाय पुसले आणि उडाली. एकदा तालमीतला एक पैलवान घाईघाईत ग्लास संपवून, मिशी न पुसताच सकाळच्या उन्हातनं घरी गेला, तर त्याच्या बायकोनं मिशीवरच्या तुपात दोन धपाटी भाजून घेतली. बाळाबाई स्वतः असलं काही सांगत नसे. लोक सांगायचे, आणि ती "असंल की" म्हणून गुलछडीच्या पाठीवरनं हात फिरवायची.

गुलछडी ही बाळाबाईची म्हैस. शिंगं मागं वळलेली, तेल लावून चमकवलेली, गळ्यात पितळी घंटा, आणि चाल अशी की पेठेतल्या रिक्षा आपणहून बाजूला व्हायच्या. सत्तरीला टेकलेली बाळाबाई रोज संध्याकाळी तिला दूधकट्ट्यावर न्यायची. तिथं गिऱ्हाईक समोर उभं राहतं, धार थेट ग्लासात पडते, आणि माणूस फेसासकट कोमट दूध पिऊन तोंड पुसत घरी जातो. बाळाबाईची सासू ह्याच कट्ट्यावर बसायची. तिनं सुनेला दोन गोष्टी घालून दिल्या होत्या. पहिली, लहान पोरांना पुढचं दूध द्यायचं आणि पैलवानांना मागचं. धार काढायला बसल्यावर आधी येतं ते पातळ, पोराच्या पोटाला झेपणारं. शेवटी शेवटी कासेतनं उतरतं ते जड, सगळी चरबी त्यात. त्यासाठी पैलवान कठड्यावर बसून वाट बघायचे. दुसरी गोष्ट, दुधात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही. ही तर सासूनं म्हशीच्या पाठीवर हात ठेवायला लावून वदवून घेतली होती. बाळाबाई कास धुतली की आधी ती पुसायची, मग स्वतःचे हात पुसायची, मग ज्या फडक्यानं हात पुसले ते फडकं लांब फेकायची. महापुराच्या वर्षी पाणी उंबऱ्याला लागलं, गोठ्यात गेलं, चुलीपर्यंत गेलं. दुधात गेलं नाही.

असली म्हैस विकायची, असं तिच्या मुलाच्या मनात आलं.

केरबाचं गाड्यांच्या सीट कव्हरांचं दुकान होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या नटवून झाल्यावर त्यानं स्वतःसाठी एक लाल गाडी घेतली, घरासमोर लावली, आणि पहिल्याच सकाळी गुलछडीनं जाता जाता तिला शिंग घासलं. पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत एक रेघ. इतकी सरळ, की पेंटरनंसुद्धा विचारलं, कुणाकडनं मारून घेतली म्हणून. त्या दिवसापासनं केरबाला गोठ्याच्या जागी गाडीची शेड दिसायला लागली.

"आई, तुजं गुडघं गेलं," तो म्हणायचा. "कट्ट्यावर आता येतंय कोण? चार म्हातारं पैलवान आणि त्येंचं दोन खोकलं. मलकापूरचा एक पावणा हाय, तिकडं तिला डोंगराचा चारा मिळंल. सुखात ऱ्हाईल."

"मग तू जा की मलकापूरला," बाळाबाई म्हणायची. "तुलाबी सुख लागंल."

हे असं बोलण्यावारी चाललं होतं, तेवढ्यात नात निशिगंधाचं लग्न जमलं. मुलगा हातकणंगल्याचा, राजवीर नावाचा. साखरपुडा रविवारी घरातच करायचा ठरला. जेवणाचं सगळं ठरलं, आणि शेवटी आईस्क्रीमवर येऊन गाडी अडली.

"आईस्क्रीम दुकानातनं आणू," केरबा म्हणाला. "आजच सांगून ठेवतो."

"दारात म्हस बांधलेल्या घरानं पावण्यांपुढं इकतचं ठेवायचं?" बाळाबाईनं विचारलं.

"मग काय, ग्लास घिऊन म्हशीखाली बसवायचं पावण्यांस्नी?"

"निशीनं आणलंय की मशीन."

निशिगंधानं हौसेनं आईस्क्रीमचं मशीन मागवलं होतं. हेल्मेट घातलेल्या कुकरासारखं दिसायचं. आत जाड भिंतीचं एक भांडं, त्यात फिरणारं पातं, वर मोटर. आल्यापासनं ते ओट्यावर नुसतं बसून होतं, म्हणून बाळाबाई त्याला 'पावणा' म्हणायची.

केरबा हसला. समोरच्या घरातली लालबी तेव्हा पोरीच्या मनगटाचं माप घेत बसली होती. ती मणेर, पेठेतल्या निम्म्या बायकांच्या हातात तिनंच बांगड्या भरलेल्या. बाळाबाईची आणि तिची दोस्ती एवढी जुनी, की आधी कोण कुणाच्या घरी चहाला गेली हे दोघींनाही आठवत नव्हतं.

"बरं," केरबा म्हणाला. "आता ठरवूनच टाकू. राजवीरची आज्जी येणार हाय, आक्का. सगळ्या हातकणंगल्यात तिच्याएवढी खवट म्हातारी न्हाय. लेकाच्या लग्नात ताट सरकवून उठलीती. तुज्या गुलछडीच्या दुधाचं आईस्क्रीम घरात करून दाव. आक्कानं दुसरी वाटी मागितली, तर म्हस ऱ्हाईल. न्हाय मागितली, तर मलकापूरचा पावणा त्याच दिवशी दावं सोडंल. मग रडायचं न्हाय."

"आणि मागितली तर?"

"तर गाडी जन्मभर रस्त्यावर लावीन."

"लालबी, आयकलंस न्हवं?"

"आयकलं की," लालबी म्हणाली. "केरबा, उलटलास तर ह्याच हातानं तुला चुडा भरीन. हिरवा. कोपरापतुर."

बाळाबाईनं पदर खोचला. तिनं पदर खोचला की गल्लीतली मांजरं भिंतीवर चढायची.

पहिल्या दिवशी झालं असं, की मशीनचं ते जाड भांडं आधी एक अख्खा दिवस फ्रीजरमध्ये ठेवावं लागतं आणि दगडासारखं गोठावं लागतं. फ्रीजरमध्ये केरबाचं मटण होतं. जत्रेचं, वाढदिवसाचं, असंच आवडलं म्हणून आणलेलं. भांडं दाराजवळ कसंबसं कोंबलं, ते धड गोठलं नाही. बाळाबाईनं साखर घातलेलं दूध ओतलं, बटण दाबलं. दूध फिरलं, फिरलं, आणखी फिरलं, आणि होतं तसंच खाली उतरलं. फक्त जरा दमल्यासारखं दिसत होतं.

"चक्कर आलीया त्येला," केरबा म्हणाला.

बाळाबाईनं फ्रीजर उघडला, सगळं मटण बाहेर काढलं, त्याच दुपारी मोठ्या पातेल्यात तांबडा रस्सा केला आणि गल्लीला जेवायला बोलावलं. केरबा दुकानातनं परत आला तेव्हा हाडं उरली होती, आणि मोकळ्या फ्रीजरमध्ये भांडं एकटंच, राजासारखं बसलं होतं.

"आई, माजं मटण!"

"लई ग्वाड लागलं," भिंतीपलीकडनं कुणीतरी म्हणालं.

भांडं गोठलं. आता दुधाचं काय करायचं, हा बाळाबाईला प्रश्नच नव्हता. चांगलं दूध म्हणजे दाट दूध, हे पेठेतलं तान्हं पोरही सांगेल. तिनं पैलवानांच्या वाटणीचं मागचं दूध घरी आणलं, त्यात चार दिवसांची साय घातली, साखर आणि वेलदोडा घातला, आणि मशीन लावलं. मशीन घुंघुं करत फिरायला लागलं. बाळाबाई, सून संयोगिता, निशिगंधा आणि लालबी ओट्याभोवती उभ्या. थोड्या वेळानं आवाज बदलला. घुंघुंच्या जागी थप, थप, थप.

"घट्ट झालं गं!" लालबी म्हणाली.

झाकण काढलं. पात्याला मिठी मारून लोण्याचा पांढराशुभ्र गोळा बसला होता आणि खाली गोड ताक डुचमळत होतं.

"साय कमी पडली," बाळाबाई म्हणाली.

भांडं परत गोठायला ठेवलं. पुढच्या खेपेला साय दुप्पट. लोणी तिप्पट. त्याच्या पुढच्या खेपेला तिनं गुलछडीला सरकीची पेंड जास्त चारली, म्हणजे दूधच मुळात आणखी जड उतरावं. त्या दिवशी मशीननं दोनच फेरे मारले आणि लोणी झाकण उचलून स्वतःच बाहेर बघायला आलं.

घरात लोणी ठेवायला जागा उरली नाही. संयोगितानं ते डब्यांत भरलं, मग कळशीत भरलं. तालमीतले पैलवान बगलेत भाकरी मारून दारात उभे राहायला लागले. गल्लीतल्या एकाही दाराची बिजागरी कुरकुरेना. मांजरं एवढी सुस्तावली, की उंदरांनी त्यांच्या अंगावरनं येजा सुरू केली आणि कुणालाच त्याचं काही वाटेना.

केरबा मात्र खुशीत होता. सकाळी टेप घेऊन गोठा मोजायचा. "हितं पत्रा, हितं लाईट," असं मोठ्यानं म्हणायचा. गुलछडी रवंथ थांबवून त्याच्याकडे बघायची.

शुक्रवारी दुपारी निशिगंधा मोबाईल घेऊन आज्जीजवळ बसली. "आज्जी, म्या बघितलं. आपलं दूध लई दाट हाय म्हणून लोणी व्हायलंय. घुसळल्यावर चरबी एका जागी गोळा होती. ही बाई सांगतीया, आसलं दूध आसलं तर त्यात थोडं पा..."

तिनं शब्द पुरा केला नाही. पण झालं ते झालं. संयोगिताची पोळी तव्यावर फुगली आणि फुगलेलीच राहिली. गोठ्यातनं घंटा एकदाच वाजली. म्हशीचे कान लांब असतात.

"पोरी," बाळाबाई सावकाश म्हणाली, "तुज्या पंजीनं माजा हात गुलछडीच्या पंजीच्या पाठीवर ठेवून घेतलाय. पाण्याचं नाव ह्या घरात फकस्त तहान लागल्यावर काढायचं."

"मग पिशवीतलं दूध घाल की जरा," लालबी म्हणाली. "त्ये पातळच असतंय."

बाळाबाईनं तिच्याकडे असं बघितलं, की लालबी चहा अर्धा ठेवून घरी निघाली. दारातनं परत आली, चहा संपवला, आणि मग गेली.

त्या संध्याकाळी बाळाबाई कट्ट्यावर गेली ती पाय ओढत. गुडघे खरंच दुखत होते, पण दुखतात असं म्हटलं असतं तर ते केरबाच्या बाजूनं झालं असतं, म्हणून मनातसुद्धा म्हटलं नाही. रविवारी ह्या वेळी आपल्या हातात दावं असेल की नुसता हात असेल, एवढंच डोक्यात फिरत होतं. तिनं गुलछडीची कास पुसली, हात पुसले, फडकं फेकलं, आणि खाली बसली.

एक बाई लहान पोराला कडेवर घेऊन पुढं आली. "आज्जी, ह्येला पुढचं द्या हं. परवा मागचं दिलतं कुणीतरी, रातभर पोट धरून रडलं. जड पडतंय."

असं हजारदा कुणी ना कुणी तिला म्हटलं होतं. हजारदा तिनं ग्लास पुढं केला होता. ह्या खेपेला तिचा हात सडावरच थांबला.

पुढचं. पातळ. गुलछडीच्याच कासेतलं, आणि पाण्याचा थेंब नसलेलं.

गुलछडीनं मान वळवून मागं बघितलं. धार मधेच थांबलेली तिला खपायची नाही.

"थांब गं जरा," बाळाबाई म्हणाली. "डोस्कं चालाय लागलंय." आणि आयुष्यात पहिल्यांदा ती कट्ट्यावर एकटीच मोठ्यानं हसली. कठड्यावरचे पैलवान एकमेकांकडे बघायला लागले. पोराला ग्लासभर दूध दिलं, आणि मग बाळाबाईनं पिशवीतनं आणखी एक भांडं काढलं. आधीच्या धारा त्यात घेतल्या, आणि हात थांबवून ते भांडं झाकून बाजूला ठेवलं. बाकीचं सगळं पैलवानांना. त्या दिवशी एकेकाला एवढं जड दूध मिळालं, की दोघं जण घरी जाताना हात धरून चालले.

शनिवारी सकाळी आणि संध्याकाळी तिनं हेच केलं. पुढचं दूध चुलीवर ठेवलं, मंद आचेवर, आणि स्वतः बाजूला पाट घेऊन बसली. कुणाला पळी लावू दिली नाही. दूध आटत आटत निम्म्यावर आलं, रंग जरा बदामी झाला. साखर घातली, वेलदोडा घातला. लालबी दारात येऊन उभी राहिली.

"पाणी घातलंस का काय शेवटाला?" तिनं हळूच विचारलं.

"घातलं न्हाय," बाळाबाई म्हणाली. "होतं त्येबी काढाय लागलोय."

दूध थंड केलं, फ्रीजमध्ये ठेवलं. भांडं फ्रीजरमध्ये गोठत होतं. आता एकच संधी. एकदा मशीन फिरलं, की भांडं परत गोठायला अख्खा दिवस लागणार, आणि अख्खा दिवस म्हणजे मलकापूर.

रविवारी पाहुणे आले. आक्का सगळ्यांच्या मागनं, काठी टेकत, घराच्या भिंती तपासत आली. केरबानं मलकापूरच्या पावण्यालाही बोलावून ठेवलं होतं. तो नवा दोर खांद्यावर टाकून गोठ्यापाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. गुलछडीनं त्याच्याकडे पाठ केली आणि शेपटीनं त्याची टोपी पाडली.

साखरपुडा झाला. पंगत उठली. आक्कानं भाताला "मऊ" म्हटलं, रश्श्याला "तिखट" म्हटलं आणि पापडाला "आवाज करतोय" म्हटलं.

आत स्वयंपाकघरात बाळाबाईनं भांडं मशीनमध्ये बसवलं, दूध ओतलं आणि बटण दाबलं.

घुंघुं, घुंघुं. सगळ्या जणी कान देऊन उभ्या. केरबाही दारात हाताची घडी घालून उभा. मशीन फिरत होतं. थप आवाज येतोय का म्हणून निशिगंधानं डोळे मिटून घेतले होते. थप आला नाही. हळूहळू घुंघुं जड झालं, मग कण्हायला लागलं, मग एक मोठा गचका देऊन मोटर बंदच पडली.

"जळलं!" केरबा ओरडला. "संपलं! पावणं, सोडा दावं!"

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"गप ऱ्हा," बाळाबाई म्हणाली. तिनं मोटर काढली, झाकण काढलं. आत बघितलं. मग कुणाला काही न सांगता भांडं दोन्ही हातांनी उचललं, केरबाजवळ गेली, आणि त्याच्या डोक्यावर उपडं धरलं.

केरबानं डोळे घट्ट मिटले. सकाळीच काढलेला भांग होता.

काही पडलं नाही. थेंब नाही, कण नाही. पातंसुद्धा आतल्या आत रुतून उभं होतं.

"जळलं न्हाय," बाळाबाई म्हणाली. "ओट्यावरच्या पावण्याला फिरवंना झालंय. एवढं घट्ट बसलंय." तिनं भांडं सरळ केलं. "निशी, वाट्या आण. आणि त्या दोरवाल्याला सांग, खुर्चीवर बस म्हणावं. त्येलाबी एक वाटी दे."

मशीन मुळातच लहान, त्यामुळं आईस्क्रीम बेताचंच होतं. प्रत्येकाला एक वाटी, बाळाबाईनं स्वतःसाठी वाढून ठेवलेली एक, आणि उरलेलं एका डब्यात घालून फ्रीजरमध्ये. दुसऱ्या वाटीसाठी. बाळाबाईनं स्वतः चाखलंसुद्धा नाही. चव कळण्याइतकी तिची जीभ जाग्यावर नव्हती.

आक्कानं वाटीकडे बघितलं. "मला थंड चालत न्हाय. दात शिवशिवत्यात."

"आक्का," लालबी म्हणाली, "दात हायत कुठं पण?"

राजवीरनं छताकडे बघितलं. आक्कानं लालबीकडे टक लावून बघितलं, मग बोळकं उघडून अशी हसली, की एकही दात नसल्याचं सगळ्यांना दिसलं. तिनं चमचा उचलला. एक घास घेतला. तोंड मिटलं. आणि वाटी खाली ठेवली.

दारातनं बघणाऱ्या बाळाबाईनं चौकट धरली. केरबाच्या चेहऱ्यावर पत्र्याची शेड उभी राहिली, लाईटसकट.

"फॅन बंद करा," आक्का म्हणाली.

"का हो आक्का? उकडतंय की," कुणीतरी म्हणालं.

"उकडू दे. वितळाय लागलंय न्हवं!"

फॅन बंद झाला. आक्कानं वाटी परत उचलली, छातीशी धरली, आणि डाव्या हाताचा आडोसा करून, जणू कुणी हिसकावणार आहे अशी, खायला लागली. पाहुणे घाम पुसत होते. मधे एकदा ती एवढंच म्हणाली, "माजं म्हायार गगनबावड्याचं. पावसात म्हशी घरातच बांधायचो. आमी चुलीजवळ झोपायचो आणि म्हशी आमच्याजवळ." चमचा वाटीच्या तळाला लागून खरखरला. तिनं तळ बघितला, वाटी उलटी करून बघितली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं:

"आणि हाय काय?"

लालबीनं गुडघ्यावर एवढ्या जोरात थाप मारली, की तिच्या हातातली एक बांगडी पिचली.

"हाय की आक्का, हाय!" बाळाबाई म्हणाली. "केरबा, फ्रीजरमधला डबा आण."

मघाशी दारात उभा असलेला केरबा दिसेना.

"केरबा!"

आतनं फ्रीजचं दार लागल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं केरबा बाहेर आला. हातात डबा होता. डबा रिकामा होता.

"वितळलं," केरबा म्हणाला.

"फ्रीजरमदी?" बाळाबाईनं विचारलं.

केरबाची मिशी एका कडेपासनं दुसऱ्या कडेपर्यंत पांढरी झाली होती, आणि त्यात वेलदोड्याचा एक दाणा अडकला होता.

लालबी उठली. पेटी उघडली. हिरव्या बांगड्यांचा एक चुडा बाहेर काढला आणि केरबाच्या मनगटाकडे बघत म्हणाली, "हात जाड हाय. साबण लागंल."

"नुसतं बघत हुतो," केरबा म्हणाला. "आईनं काय घातलंय ते. एक चमचा घेतला. मग दुसरा घेतला, पहिला बरोबर लागला का म्हणून." त्यानं आईकडे बघितलं. आवाज एकदम बारीक झाला. "आई, ह्ये पोरांचं दूध हाय न्हवं? पुढचं? कट्ट्यावर तू मला द्यायचीस, त्ये?"

"व्हय," बाळाबाई म्हणाली.

"तरीच," केरबा म्हणाला, आणि बाहीनं मिशी पुसायला गेला, पण त्याआधी त्यानं ओठ फिरवून तो वेलदोडा आत घेतला.

आक्काची काठी फरशीवर आपटली. "त्येचं पुराण नंतर सांगा! माजी वाटी?"

बाळाबाईनं स्वतःची वाटी आणली. अजून चमचा न लागलेली. क्षणभर हातात धरली, मग आक्कापुढं ठेवली. "घ्या. ही तुमचीच हाय."

तेवढ्यात मलकापूरचा पावणा आपली वाटी चाटूनपुसून घेऊन दारात आला. "केरबादादा," तो म्हणाला, "मगाशी बोललो त्येच्या दुप्पट देतो. तिप्पट देतो. पर ही म्हस मला..."

"पावणं," केरबा म्हणाला, आणि लहानपणी म्हशीच्या शिंगाला धरून झोंबताना करायचा तसं तोंड केलं, "दोर गुंडाळा. म्हस इकायची न्हाय. पुन्यांदा इचारलंसा तर माज्या आईपुढं उभं करीन."

पावण्यानं बाळाबाईकडे बघितलं. तिचा पदर अजून खोचलेलाच होता. त्यानं दोर गुंडाळला.

पाहुणे गेल्यावर बाळाबाई स्वयंपाकघरात आली. मशीनचं पातं निशिगंधानं धुवायला ठेवलं होतं. त्याच्या कडेला थोडं आईस्क्रीम राहिलं होतं. बाळाबाईनं ते बोटानं निपटून तोंडात घातलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"कसं झालंय गं?" लालबीनं विचारलं.

"जरा पातळ हाय," बाळाबाई म्हणाली. "पर चाललंय."

आता कट्ट्यावर पंचाईत झाली आहे. पैलवान लोक पुढच्या दुधासाठी लवकर यायला लागले आहेत, आणि बाळाबाई त्यांना लेकरांच्या मागं रांगेत उभं करते. एका पैलवानानं दुसऱ्याचं पोर उसनं कडेवर घेऊन बघितलं, पण पोरानं आपणहून सांगितलं, ह्यो माजा बा न्हाय.

केरबानं शब्द पाळला. गाडी रस्त्यावर असते. पहिल्याच संध्याकाळी गुलछडी कट्ट्याकडे जाताना गाडीच्या दुसऱ्या बाजूनं गेली आणि तिकडंही एक रेघ मारली, पुढच्या दिव्यापासनं मागच्या दिव्यापर्यंत, पहिलीच्या बरोबर समोर. केरबा दारातनं बघत होता. ओरडणार होता, पण गाडीभोवती एक फेरी मारून आला आणि गप्प बसला. दोन्ही बाजू आता सारख्या दिसत होत्या. परवा दुकानात एक गिऱ्हाईक आलं आणि विचारलं, तुमच्या गाडीवर आहे तसली रेघ मारून मिळेल का. केरबानं पत्ता दिला, आणि संध्याकाळी या म्हणाला, धारा काढून झाल्यावर.